वाचकांचे प्रश्न : ट्यूब, ब्रेक आणि मागे राहणारा भिडू

प्रश्न : आम्ही पाच मित्र रविवारी ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात माउंटन बाइक घेऊन जातो. दर वेळी कुणाचं तरी मागचं चाक पंक्चर होतं आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं सापडतात. टायर 29 बाय 2.2, ट्यूबवाले. व्हिडिओत सांगतात म्हणून हवा 22 पीएसआय ठेवतो. वजन साधारण 75 ते 80 किलो. (मुलुंड)

उत्तर : जोडीने पडलेली भोकं म्हणजे काटा नव्हे, चिमटा. टायर दगडावर आपटून रिमपर्यंत दबतो आणि मध्ये ट्यूब चेचली जाते. व्हिडिओतला 22 हा आकडा बहुतेक ट्यूबलेसचा असतो, कारण तिथे चेचायला ट्यूबच नसते. तुमच्या वजनाला मागे 32 ते 35, पुढे 28 ते 30 ठेवून बघा. त्याहून फार वाढवलीत तर मुरमावर चाक उड्या मारतं आणि वळणावर पकड सुटते. दोन पंपांचे काटे क्वचितच जुळतात, तेव्हा हवा नेहमी एकाच गेजने मोजा.

एकच भोक असेल आणि तेही बाहेरच्या बाजूला, तर काटा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. काटा तिथेच राहिला तर दहा मिनिटांत पुन्हा तेच. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप, म्हणजे रिमच्या आतली भोकं झाकणारी पट्टी, सरकलेली आहे. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून मगच ती टायरात बसवा, टायरची कड शेवटी व्हॉल्व्हपाशी आत ढकला आणि व्हॉल्व्ह एकदा आत दाबून सोडा, म्हणजे कडेखाली ट्यूब अडकत नाही. ट्रेलवर पॅच लावत बसू नका. ट्यूब बदला, पॅच घरी.

रिम ट्यूबलेससाठी बनलेली असेल तर सरळ ट्यूबलेस करा. या मापाच्या टायरला सुमारे 100 मिली सीलंट (आतून भोकं बुजवणारा द्रव) लागतं. मुंबईच्या उकाड्यात ते लवकर सुकतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी उघडून पाहायचं. हे बहुतेक जण विसरतात आणि मग ट्यूबलेसच्या नावाने बोटं मोडतात.

प्रश्न : लांब उतारावर पुढचा डिस्क ब्रेक किंचाळतो, जळका वास येतो आणि लिव्हर पार हँडलला टेकतो. थांबल्यावर ठीक होतो. (ठाणे)

उत्तर : थांबल्यावर ठीक होतो म्हणजे ब्रेक तापतोय. लिव्हर सदा पोचट लागत असता तर ब्रेकच्या ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरली असं म्हटलं असतं. उतारभर ब्रेक हलका दाबून ठेवायची सवय याच्या मुळाशी असते. वळणाच्या अलीकडे, सरळ पट्ट्यात, दोन्ही ब्रेक जोरात दाबा आणि सोडून द्या. तापलेल्या रोटरवर (चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीवर) पाणी ओतू नका, तो वाकतो. रोटरला आवळणाऱ्या पॅडचा थर 1 मिमीच्या खाली गेला असेल तर बदला. गारही असताना किंचाळत असेल तर चेनचा स्प्रे रोटरवर उडालेला असणार : रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पण तेल प्यायलेले पॅड फेकाच. ब्रेकमध्ये ऑइल कंपनीने सांगितलेलंच घाला. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट (दुसऱ्या प्रकारचं ब्रेक ऑइल) गेलं की सील फुगून बाद होतात.

प्रश्न : ग्रुपमधला एक जण नवखा आहे. तो सतत मागे पडतो, हिरमुसतो. काय करावं? (बोरिवली)

उत्तर : पुढचे लोक फाट्यावर थांबतात आणि तो पोहोचला रे पोहोचला की निघतात. विश्रांती सगळ्यांना मिळते, ज्याला हवी त्याला सोडून. तो आल्यावर पाच मिनिटं मोजून थांबा. त्याच्या मागे एक अनुभवी गडी ठेवा, पंप आणि हत्यारं या गड्याकडेच. उतारावर आधीचा वळणाआड गेल्याशिवाय मागच्याने सुटायचं नाही. सीट दोन-तीन इंच खाली घेतली की नवख्याची निम्मी भीती जाते. आणि हो, येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं. कुठल्या वाटेवर सायकल चालते हे चौकीवर विचारून घ्या, आणि बिबट्याचा मुलूख असल्याने उजाडल्यावरच शिरा. ऑक्टोबरात दहाच्या आत बाहेर पडा, माणशी दोन लिटर पाणी घ्या.