बँकेने न सांगता खातं बंद केलं तर आधी काय करावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मोंढ्यात (बाजार समितीत) सोयाबीन घातलं, पट्टीचे म्हणजे विक्रीचे पैसे खात्यावर आले, आणि दोन-तीन दिवसांत एटीएममधून पैसे निघेनासे झाले. शाखेत गेलात तर “खातं बंद झालंय, वरून झालंय, आमच्या हातात काही नाही” एवढंच ऐकायला मिळालं. मेसेज आला नाही, पत्र आलं नाही. पीएम किसानचे पैसेही याच खात्यावर येतात.

मी परभणी-हिंगोली भागातल्या शाखांमध्ये नोकरी करून निवृत्त झालो. आता गावातल्या लोकांचे बँकेचे अर्ज लिहून देतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी पासबुक छापून घ्या. मशीन बंद आहे म्हणाले तर खातेउतारा मागा. शेवटच्या दोन-तीन ओळी नीट बघा. शिल्लक तशीच दिसत असेल तर खातं बंद झालेलं नाही, त्याला कुलूप लागलंय. शिल्लक शून्य असेल आणि सगळी रक्कम एकाच नोंदीने नावे पडली (वजा झाली) असेल तर मात्र खातं खरंच बंद केलंय. तसं असलं तरी पैसे बुडत नाहीत. ते बँकेच्या आतल्या एखाद्या खात्यात वळवलेले असतात आणि तुमचेच राहतात. काउंटरवरचा माणूस या दोन्हीला “बंद”च म्हणतो, कारण गर्दीत त्याला समजावून सांगायला वेळ नसतो. तुमचा पुढचा रस्ता मात्र याच फरकावर ठरतो.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय पीक कर्जाच्या होल्डवर, म्हणजे त्या कुलपावर जातो. कर्ज थकलेलं असलं की बँक त्याच शाखेतल्या बचत खात्यावर होल्ड लावते. करार कायद्याच्या कलम १७१ नुसार थकबाकीपोटी ग्राहकाची रक्कम अडवून धरण्याचा हक्क बँकेला असतो, त्याचा हा आधार. पट्टीचे पैसे अडकवले असतील तर कर्ज खात्याचा उतारा घेऊन मॅनेजरसाहेबांशी पुनर्गठनाचं (कर्जाची मुदत नव्याने बांधून घेण्याचं) किंवा हप्त्याचं बोलावं लागेल. पण त्या खात्यावर अतिवृष्टीचं सरकारी अनुदान आलेलं असेल तर गोष्ट वेगळी आहे. ही मदत कर्जवसुलीत वळती करू नये, असं शासन मदतीच्या निर्णयातच बँकांना बजावतं. तेवढ्या रकमेसाठी तहसीलदारांकडे आणि जिल्हा अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय बघणाऱ्या बँकेच्या) व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार करा. जिल्हाधिकारी कार्यालयातून फोन गेला की होल्ड निघालेला मी पाहिलाय. बुडालेल्या शेतासाठी आलेला पैसा असा अडकवणं मला नोकरीत असतानाही पटत नव्हतं.

दुसरा संशय केवायसीचा, म्हणजे ओळख आणि पत्त्याच्या पडताळणीचा. सर्वसाधारण बचत खात्याची केवायसी दहा वर्षांनी नव्याने करावी लागते. मेसेज येतात ते बँकेत नोंदलेल्या नंबरवर, आणि आपल्याकडे ते सिम कधीच बदललेलं असतं. म्हणून शाखेत “माझा कोणता नंबर नोंदलाय?” हे जरूर विचारा. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बँकांना स्पष्ट सांगितलंय की केवायसीची मुदत संपण्याआधी किमान तीन सूचना द्यायच्या, त्यातली एक पत्राने, आणि मुदत उलटल्यावर पुन्हा तीन आठवणी, त्यातलीही एक पत्राने. त्यामुळे “आम्ही कळवलं होतं” असं उत्तर आलं तर त्या पत्राची प्रत आणि पाठवल्याची नोंद मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पत्ता वगैरे काही बदललेलं नसेल तर साध्या स्वघोषणेवर केवायसीचं काम होतं, सगळी कागदपत्रं पुन्हा लागत नाहीत.

तिसरं कारण हल्ली फार वाढलंय, सायबर पोलिसांचा होल्ड. कुठल्या तरी राज्यात फसवणूक झाली, त्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार दिली, आणि ते पैसे चार हातांतून फिरत तुमच्या खात्यावर आले की तुमचंही खातं गोठतं. चोरी तुम्ही केलेली नसते, तरी त्रास तुम्हालाच. मोंढ्यातल्या हमाल-मापाड्यांपासून किराणा दुकानदारांपर्यंत ज्यांच्याकडे अनोळखी लोकांचं यूपीआय येतं, त्या सगळ्यांना हा धोका आहे. पोलीस यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ चा आधार घेतात. अशा वेळी बँकेकडून तीन गोष्टी लिहून घ्या: कोणत्या राज्यातलं कोणतं पोलीस ठाणं, तक्रारीचा क्रमांक काय, आणि वादातली रक्कम किती. वाद पाच हजारांचा असेल तर तेवढेच अडवून बाकीचे मोकळे करा, अशी मागणी लेखी करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बँकांना हेच सांगितलं होतं. मग पट्टी, आडत्याची पावती, सातबारा जोडून त्या पोलीस ठाण्याला ईमेल आणि स्पीड पोस्टाने खुलासा पाठवा. तिथून काहीच हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा लागतो आणि त्याला वकील लागेल. “होल्ड काढून देतो, इतके द्या” म्हणणारे फोन आले तर एक रुपयाही देऊ नका.

दोन वर्षं व्यवहारच नसला तर खातं निष्क्रिय होतं, पण तुमच्याकडे नुकते पैसे जमा झालेत, तेव्हा ते इथे लागू दिसत नाही. कुणाला लागू असेल तर निष्क्रिय खातं सुरू करायला बँक पैसे घेऊ शकत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आता अर्ज. तोंडी बोलणं कितीही केलं तरी त्याचा पुरावा राहत नाही. साध्या कागदावर एवढं लिहा:

“माझे आपल्या शाखेत बचत खाते क्र. … आहे. दिनांक … पासून खात्यातून व्यवहार होत नाहीत. मला कोणतीही पूर्वसूचना मिळालेली नाही. खाते बंद केले आहे की त्यावर निर्बंध आहे, कोणत्या तारखेला, कोणाच्या आदेशाने व कोणत्या कारणाने, आणि माझी रक्कम सध्या कोठे आहे, हे लेखी कळवावे. पूर्वसूचना पाठवली असल्यास तिची प्रत द्यावी.”

दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. “ठेवून जा, बघतो” म्हणाले तर उठू नका, शांतपणे पोच मागा. तरीही दिली नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा. ही पोच फार महत्त्वाची आहे. त्या तारखेपासून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर तुम्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाऊ शकता. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार भरता येते, आणि १४४४८ वर मराठीत चौकशी करता येते. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नसेल तर लोकपाल अर्ज फेटाळतो. आपल्याकडची बरीच माणसं इथेच अडतात.

खातं सरकारी बँकेत असेल तर सोबत माहिती अधिकाराचा अर्जही टाका. फी दहा रुपये, आणि स्वतःच्या खात्याची नोटीस कधी निघाली हे विचारायला तो उत्तम आहे. जिल्हा सहकारी बँकाही १ नोव्हेंबर २०२५ पासून लोकपालाच्या कक्षेत आल्यात. पतसंस्था मात्र बँक नव्हे. तिथे लोकपाल चालत नाही आणि ठेवीला पाच लाखांचा विमाही नसतो. तिथलं प्रकरण असेल तर ते सहकार खात्याच्या निबंधकाकडे न्यावं लागतं.

कधी कधी बँक कारण सांगायचंच टाळते. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल वर पाठवला असेल तर ते ग्राहकाला सांगायला कायद्यानेच मनाई आहे. तरीही खातं बंद केलं असेल तर शिल्लक रक्कम धनादेशाने किंवा दुसऱ्या खात्यावर परत मिळावी, ही मागणी अर्जात वेगळी लिहा.

अर्ज देऊन झाला की दुसरं काम पीएम किसानचं. आधारशी शेवटी जे खातं जोडलंय तिथेच हा पैसा जातो. खातं बंद असेल तर हप्ता परत फिरेल. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलीय ते बघा, दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खातं काढून आधार तिकडे जोडा. आणि कृषी सेवा केंद्राला किंवा कुणालाही पुढच्या तारखेचा चेक दिलेला असेल तर आजच जाऊन सांगा, रोख किंवा दुसऱ्या खात्यातून व्यवस्था करा. “खाते बंद” म्हणून चेक परतला तरी चेक न वटण्याच्या गुन्ह्याचं कलम १३८ लागतं, सर्वोच्च न्यायालयाने ते १९९९ मध्येच स्पष्ट केलंय.

पासबुकच्या शेवटच्या ओळीत काय छापून आलं ते इथे लिहा, खाते क्रमांक मात्र टाकू नका. त्यावरून पुढचा अर्ज कुणाच्या नावे करायचा ते सांगतो.