चिक्कू, कद्रू की काटकसरी?

कोथरूडहून एका ताईंनी विचारलंय: "माझं माहेर नागपूरचं. सासरे दुधाची पिशवी रिकामी झाली की तिच्यात अर्धी वाटी पाणी घालतात, विसळतात आणि ते चहाच्या आधणात ओततात. मी हसत हसत 'बाबा चिक्कूच आहेत' म्हटलं, तर नवरा फुरंगटला. 'काटकसरी म्हण' म्हणाला. या शब्दांत खरंच काही फरक आहे, की आपल्या माणसाला एक आणि परक्याला दुसरा?"

ताई, तुमची शेवटची शंका रास्त आहे. स्वतःबद्दल बोलताना आपण 'काटकसर करतो' आणि शेजारी मात्र 'कंजूष असतो'. पण या 'करतो' आणि 'असतो'मध्येच निम्मं उत्तर आलं. काटकसर हे काम आहे. महिनाअखेरीला सुरू करता येतं, पगार झाला की थांबवता येतं. कंजूष हा स्वभावावर मारलेला शिक्का. 'कंजूषपणा करू नकोस' असं आपण म्हणतो खरं, पण 'या महिन्यात जरा कंजूषपणा करू या' असं ठरवणारं घर मी तरी पाहिलं नाही.

'काटकसर'मधला 'कसर' अरबीतून आलेला. मुळात मोडणं, त्यावरून तुकडा, अपूर्णांक. हिशेबातल्या किरकोळ तुटीलाही आपण कसर म्हणतो आणि ती 'भरून काढतो'. म्हणजे काटकसरीत कात्री लागते ती कडेच्या तुकड्यांना. अख्खा तागा कपाटात बंद करून ठेवणं तिच्यात बसत नाही.

आता तुमचा 'चिक्कू'. फळाच्या झाडालाही चीक असतो, पण माणसाला चिक्कू म्हणतो ते मला वाटतं 'चिकट'वरून. पैसा हाताला चिकटतो, सुटत नाही. गंमत म्हणजे याच कुळातला 'चिकाटी' हा शब्द कौतुकाचा. कामाला चिकटलात तर शाबासकी, नोटेला चिकटलात तर चिक्कू. 'चिंगूस'ही याच पंगतीतला, बोलण्यातला, थट्टेतला. वर्गणी द्यायला टाळाटाळ करणाऱ्या मित्राला तोंडावर चिंगूस म्हणता येतं, तो हसतो आणि तरीही देत नाही. सासऱ्यांच्या बाबतीत मात्र थट्टेचा हक्क जरा उशिरा मिळतो.

'कंजूष' सगळीकडे चालणारा, बिनचवीचा. हिंदीत त्याच्या शेवटी स आहे, मराठीनं ष लावून त्याला संस्कृताचा मुकुट चढवला. खरा संस्कृत शब्द 'कृपण'. त्याचा मूळ अर्थ दीन, कीव करावी असा. 'कृपा' त्याचीच नातेवाईक.

'कवडीचुंबक' मला या सगळ्यांत देखणा वाटतो. कवडीचे मुके घेणारा म्हणा, नाहीतर कवडी ओढून घेणारा लोहचुंबक म्हणा, दोन्ही चित्रं चपखल. एकेकाळी कवडी हे खरोखरीचं चलन होतं, अगदी तळाचं. नंतरच्या रुपयात 16 आणे, 64 पैसे आणि 192 पया होत्या. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, पै गेली. 25 पैसे आणि त्याखालची नाणीही 30 जून 2011 नंतर चलनातून बाद झाली. तरी आपण 'पै-पै जोडली' म्हणतो. 'रुपया-रुपया जोडला'मध्ये तो घाम येत नाही.

हे सगळे एकीकडे आणि 'कद्रू' एकीकडे. कद्रू म्हणजे पुराणातली नागमाता, पैजेत सवतीला फसवणारी. त्यावरून हा शब्द तिच्याच नावावर घालायचा मोह होतो, तो आवरतो. पण वापर बघा: आपण 'कद्रू मनाचा' म्हणतो, 'चिक्कू मनाचा' म्हणत नाही. चिक्कूची अडचण हातात असते, कद्रूची मनात. आमच्या सोसायटीत वॉचमनच्या दिवाळीच्या पोस्तीसाठी घरटी दोनशे ठरले. नवी कोरी गाडी घेतलेल्या एका गृहस्थांनी "आमच्या मजल्यावर तो येतो कुठे?" म्हणून शंभर टेकवले, तेही मोजून दहाच्या नोटांत. त्यांना कोणी चिक्कू म्हणालं नाही. कद्रूच म्हणाले, आणि पाठीमागे. तोंडावर म्हणण्याचा तो शब्दच नाही.

उलट माझी आजी. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या, जळकी काडीसुद्धा फेकायची नाही, दुसरी शेगडी पेटवायला ठेवायची. लोणी कढवलं की बेरीच्या पातेल्यात गरम भात कालवायची आणि तो स्वतः खायची. आमच्या भातावरचं तूप मात्र ओघळून ताटाला लागल्याशिवाय तिची पळी थांबत नसे. जुन्या साड्यांवर बोहारणीशी तासभर हुज्जत घालून पातेलं घ्यायची आणि मग तिलाच चहा पाजायची. (घासाघीस ही वेगळीच गोष्ट. तुळशीबागेत ती केली नाही तर विकणाऱ्यालाच चुकल्यासारखं होतं.) तिच्याबद्दल वाड्यात शब्द होता 'टुकीची बाई'. टुकीनं संसार करणं म्हणजे कमी सामानात नीटनेटकं भागवणं. हा शब्द हल्ली ऐकू येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

स्वतःच्या वाट्याला कात्री ती काटकसर, दुसऱ्याच्या वाट्याला लावली की कद्रूपणा, असं म्हणून मोकळा झालो असतो, पण कंजुषासाठीचा आणखी एक संस्कृत शब्द, 'कदर्य', आडवा येतो. एकनाथी भागवताच्या तेविसाव्या अध्यायात अवंतीचा एक श्रीमंत ब्राह्मण आहे, त्याला हेच विशेषण. तो बायकामुलांना छळतो तसा स्वतःच्याही पोटाला चिमटा घेतो. म्हणजे स्वतः उपाशी राहिल्यानं सुटका होत नाही, साठवलेलं पुढे कुठे जातं तेही बघायचं. तुकोबांनी 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारें'च्या पाठोपाठ लगेच 'उदास विचारें वेच करी' म्हटलं आहे. हा वेच म्हणजे खर्च, संस्कृत 'व्यय'. आपण आयुष्य वेचतो त्यातला. अंगणातली फुलं वेचतो तो वेगळा, पण दोघे एकसारखेच दिसतात आणि कवडीचुंबकाला फक्त दुसरा ठाऊक असतो.

तेव्हा ताई, पिशवी विसळण्यावरून मी काहीच ठरवणार नाही. पुण्यात ती धुऊन, खिडकीत वाळवून रद्दीतही जाते. पाहुणे आले की सासरे आधणात त्या पाण्यावरच भागवतात, की दुसरी पिशवी फोडतात, तेवढं बघा. फोडत असतील, तर नवऱ्याचं बरोबर आहे. नसतील, तरी घरात 'चिक्कू'च म्हणा, 'कद्रू' नको.