स्टेक (मांसाचा जाड भाजलेला काप) शिजवताना बिघडलाय हे ओळखायचं कसं?

ताट आलं की पहिला काप मधोमध घ्या, कडेला नको. कड नेहमीच जास्त शिजलेली असते. मीडियम रेअर म्हणजे आत साधारण ५४ ते ५७ अंश सेल्सिअस, मध्यभाग कोमट आणि लाल. तो मागवला आणि आत पूर्ण करडा दिसला तर लगेच परत पाठवा. अर्धा संपवून तक्रार करू नका! कमी शिजलेला पुन्हा तव्यावर जातो, जास्त शिजलेल्याला इलाज नाही, नवाच मागायचा. वरचा थर फिकट, ओलसर असेल तर मांस कोरडं न करता किंवा तवा पुरेसा न तापवता टाकलंय. ताटात रसाचं तळं? शिजल्यावर पाच मिनिटं बाजूला ठेवून मुरू दिलेलं नाही. वेल डन, म्हणजे आतपर्यंत पूर्ण शिजलेलाच आवडत असेल तर फिलेपेक्षा (कमी चरबीचा काप) रिबआय (बरगडीकडचा काप) बरा, चरबीमुळे कमी कोरडा पडतो.