वाचकांचे प्रश्न : हिंदी महासागर आणि नागपूर

प्रश्न : आठवीच्या वर्गात हिंदी महासागराचा पाठ घेताना मुले विचारतात की, समुद्र आपल्यापासून दोन्ही बाजूंनी शेकडो किलोमीटर दूर आहे, मग पाऊस सोडला तर त्याच्याशी आपले नाते काय? मुलांना पटेल असा इतिहासातला एखादा दाखला द्यावा. (एक शिक्षिका, धंतोली)

उत्तर : मुलांनी पाऊस बाजूला ठेवायला सांगितला आहे, पण या महासागराचा इतिहास पावसाच्या वाऱ्यापासूनच सुरू होतो, त्यामुळे तो बाजूला ठेवता येत नाही. प्रशांत आणि अटलांटिक महासागर उत्तरेला थेट ध्रुवीय प्रदेशापर्यंत पसरलेले आहेत. हिंदी महासागराची उत्तरेची वाट मात्र आशियाच्या भूमीने अडवली आहे. उन्हाळ्यात ही भूमी तापते आणि वारे नैर्ऋत्येकडून जमिनीकडे येतात, हिवाळ्यात ती थंड होते आणि वारे ईशान्येकडून समुद्राकडे वळतात. वर्षातून दोनदा वाऱ्यांनी अशी पाठ फिरवणे एवढ्या मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या कोणत्याही महासागरात घडत नाही. म्हणून शिडाच्या जहाजांच्या काळात या समुद्रावर अंतरापेक्षा महिन्याला महत्त्व होते. भर पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरील बंदरे ओस पडत, आणि आजही कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मगच नव्या हंगामाला लागतात.

महिना चुकला तर काय होते, हे वास्को द गामाच्या प्रवासावरून मुलांना सांगता येईल. १४९८ च्या एप्रिलअखेर तो आफ्रिकेतील मालिंदीहून तिथल्या जाणकार वाटाड्याला घेऊन निघाला आणि महिना पुरा होण्याआधी कालिकतजवळ पोहोचला. परतताना मात्र अनुकूल वाऱ्यासाठी थांबण्याची त्याची तयारी नव्हती. गोव्याच्या दक्षिणेकडील अंजदीव बेटाहून ऑक्टोबरमध्ये तो निघाला आणि तोच समुद्र ओलांडायला त्याला सुमारे तीन महिने लागले. ताज्या अन्नाअभावी होणाऱ्या स्कर्व्ही या रोगाने इतके खलाशी दगावले की, माणसे अपुरी पडल्यामुळे एक जहाज त्याला स्वतःच जाळून टाकावे लागले. हे वेळापत्रक इथल्या व्यापाऱ्यांना शतकानुशतके पाठ होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात इजिप्तहून भारताकडे जुलैच्या सुमारास निघावे असे सांगितले आहे, आणि त्याच ग्रंथात पैठण व तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, या गावांहून माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात येतो, असा उल्लेख आहे. तगरचे कापड त्या मालात होते. तेरहूनही समुद्र दिसत नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

नागपूरचा दाखला त्याहून पुष्कळ अलीकडचा आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्यांना मिळणारा तिकडचा कापूस आटला आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाड, हिंगणघाटच्या कापसावर स्थिरावली. १८६७ मध्ये मुंबईहून येणारी रेल्वे नागपूरला पोहोचली, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि १८७७ च्या पहिल्या दिवशी जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. वाफेच्या जहाजांनी व्यापाराला वाऱ्याच्या वेळापत्रकातून सोडवले; शेतीला मात्र कोणी सोडवू शकले नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांत मध्य प्रांत, म्हणजे नागपूर ज्यात होते तो तेव्हाचा प्रांत, होरपळला, तेव्हा माल वाहून नेणारी रेल्वे होती, पाऊस तेवढा नव्हता.

प्रश्न : पावसाळा संपता संपता आमच्या शेतावर पिवळसर चतुरांचे थवे दिसतात आणि काही आठवड्यांत नाहीसे होतात. ते आफ्रिकेला जातात असे ऐकले. एवढासा कीटक समुद्र ओलांडतो, हे खरे मानावे का? (एक शेतकरी वाचक, उमरेड)

उत्तर : मानावे, आणि त्यामागचे कारणही समजून घ्यावे. आपण पाहिलेला चतुर बहुधा पँटाला फ्लेव्हसेन्स या जातीचा असावा. जेमतेम साडेचार सेंटिमीटर लांबीचा हा कीटक क्वचितच बसतो, आणि बसलाच तर काडीला उभा लोंबकळतो. त्याचे मागचे पंख बुडाशी रुंद असल्यामुळे फारशी फडफड न करता तो वाऱ्यावर तरंगत राहतो. मादी पावसाने साचलेल्या डबक्यांत अंडी घालते. कधी कधी मोटारीच्या चकचकीत टपालाही ती पाणी समजते. डबके आटण्याआधी, साधारण दीड महिन्यात, पिल्ले पाण्याबाहेर पडून उडू लागतात. डबकी आटली की या जातीला इथे थांबण्यासारखे काही उरत नाही.

चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाने मालदीवमध्ये वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या. तिथे गोड्या पाण्याची तळी जवळपास नाहीत, तरीही दर ऑक्टोबरला चतुरांचे थवे उतरतात आणि पुढे निघून जातात. त्याने २००९ मध्ये मांडले की, जमिनीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर वाहणाऱ्या ईशान्येच्या वाऱ्यांवर स्वार होऊन हे कीटक पूर्व आफ्रिका गाठतात, तिथल्या पावसात त्यांची पुढची पिढी वाढते आणि नंतरच्या पिढ्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर भारतात परततात. पुढे मालदीवमधील चतुरांच्या पंखांतील हायड्रोजनच्या समस्थानिकांचे, म्हणजे कमी-अधिक वजनाच्या अणूंचे, प्रमाण तपासले (ते कीटक जिथल्या पाण्यात वाढला त्या प्रदेशानुसार बदलते), तेव्हा ते उत्तर भारतात किंवा त्याच्याही पलीकडे वाढलेले असावेत असे दिसले. एकच कीटक जाऊन परत येत नाही, प्रवास पिढ्यांचा आहे.

हाच मार्ग अमूर ससाणाही धरतो. नागालँडच्या दोयांग जलाशयाजवळ थांबून हे पक्षी नोव्हेंबरमध्ये द्वीपकल्प ओलांडतात आणि अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिका गाठतात. वाटेत चतुर हेच त्यांचे खाद्य असावे, असा अँडरसनचा तर्क आहे. आपला चातक उलट दिशेने, पावसाच्या वाऱ्याबरोबर येतो, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : एल निनोमुळे पाऊस कमी पडतो म्हणतात. २०२३ हे एल निनोचे वर्ष होते, तरी सप्टेंबरात नागपुरात घरांत पाणी कसे शिरले? (एक वाचक, महाल)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एल निनो म्हणजे प्रशांत महासागराच्या विषुववृत्ताजवळील मध्य व पूर्व भागातले पाणी नेहमीपेक्षा अधिक तापणे. १९०४ मध्ये भारतीय हवामान खात्याची सूत्रे हाती घेतलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी प्रशांत महासागरावरील वायुदाबाचा आणि आपल्या पावसाचा संबंध दाखवला. पण एल निनो हंगामाची एकूण बेरीज घटवण्याकडे कल ठेवतो, एका रात्रीचा पाऊस तो ठरवत नाही. शिवाय १९९७ मध्ये तीव्र एल निनो असूनही हिंदी महासागराचा पश्चिम भाग उबदार राहिल्यामुळे मोसमी पाऊस सरासरीला आला होता. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ठरला, आणि २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. उत्तर अरबी समुद्र तापल्यामुळे बाष्प आणणारे पश्चिमी वारे लहरी झाले आहेत. ते उसळी घेतात तेव्हा दोन-तीन दिवसांत मुसळधार पाऊस पडतो आणि मधले दिवस कोरडे जातात. सोयाबीन आणि कापसाला यातली कोणतीच गोष्ट मानवत नाही. त्या पहाटेच्या पुराचा सगळा दोष समुद्रावर ढकलणे मात्र सोयीचे ठरेल. अंबाझरी तलाव ओसंडल्यावर पाणी ज्या नाग नदीतून वाहून जायला हवे, तिचे पात्र शहराने किती आवळले आहे, हे काठावरच्या कोणालाही दिसते.

प्रश्न : नाग नदीचे पाणी समुद्राला मिळते का? (एक विद्यार्थी, नंदनवन)

उत्तर : मिळते. नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला मिळते. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत गोसेखुर्दचे धरण आहे. शहराचे सांडपाणी आधी तिथे पोहोचते, आणि अशा धरणांमागे अडलेला गाळ गोदावरीच्या मुखापर्यंत जात नाही. त्या मुखाशी कोरिंगाचे खारफुटीचे जंगल आहे आणि समोरच्या होप बेटाच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. गाळ कमी झाल्यामुळे त्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी लाटांनी खचत आहे.