आमच्या घराण्याचा इतिहास लिहून स्वतःच छापायचा आहे. सुरुवात कुठून करू? खर्च किती? आयएसबीएन लागतो का?

आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचं, आधी उरकतो. भावकीत वाटायचं पुस्तक असेल तर लागत नाही. हवाच असेल तर राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी तो ऑनलाइन आणि फुकट देते, मध्ये कुणाला पैसे चारू नका. खर्चाचं म्हणाल तर मी २०१९ मध्ये डेमी आकारात १२८ पानं, १५० प्रती काढल्या, २७,००० रुपये गेले. पानं सोळाच्या पटीत बसवा. नाहीतर शेवटची पानं कोरी राहतात आणि तिथं पुढाऱ्याचा फोटो टाकू या असं कुणीतरी सुचवतंच.

आता सुरुवात. वंशावळीपासून करू नका. ‘आमचे मूळ पुरुष महाराजांच्या सैन्यात होते’ हे मी इतक्या घराण्यांच्या पुस्तकांत वाचलंय की तेव्हा नांगर कोण धरत होतं असा प्रश्न पडतो. कागदापासून सुरुवात करा. आमचं गाव उदगीर तालुक्यातलं. लातूर जिल्हा झाला १९८२ ला, त्याआधी आम्ही उस्मानाबादेत, आणि १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तिन्ही तालुके हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात. हे डोक्यात न ठेवता मी लातूरला चार हेलपाटे घातले. तुमचा तालुका तेव्हा कुठं होता ते आधी बघा.

मला शेवटी मळ्याच्या रानाच्या पहाणी पत्रकाची, म्हणजे रान कुणाचं आणि कसतं कोण या सरकारी नोंदीची, नक्कल मिळाली. उर्दूत, तीही शिकस्ता, म्हणजे एका अक्षराचा पाय दुसऱ्याच्या गळ्यात. साल १३५५. मी ते हिजरी धरलं आणि १९३६ करून मोकळा झालो. त्या हिशेबानं आबा, म्हणजे माझे आजोबा, नऊ वर्षं आधीच त्या रानात पोचले! ते साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतलं, निघालं. त्यात ५९० मिळवायचे, १९४५ येतं. ही चूक अर्ध्या पुस्तकभर पसरली होती.

नक्कल घेऊन मी उदगीरला उर्दू शाळेतल्या एका निवृत्त मास्टरसाबांकडे गेलो. त्यांनी भिंग काढलं, एकेका रकान्यावर बोट ठेवत गेले आणि थांबले. म्हणाले, “नाम तो है तुम्हारे दादा का, लेकिन खाना दूसरा है.” पट्टेदाराच्या, म्हणजे मालकाच्या, रकान्यात हैदराबादला राहणाऱ्या एका वकिलाचं नाव होतं. आमचे आबा शेजारी, कब्जेदार म्हणून. शेवटच्या रकान्यात एकच शब्द होता, बावली. म्हणजे विहीर. त्याच्या आदल्या सालच्या पत्रकात तो रकाना रिकामा. म्हणजे दुसऱ्याच्या रानात आबांनी विहीर खांदली होती. पुढं १९५० चा हैदराबादचा कूळ कायदा आला, आबा संरक्षित कूळ, म्हणजे दुसऱ्याचं रान कसणारे पण कायद्याचं संरक्षण असलेले, ठरले आणि रान नावावर झालं. फेरफाराच्या नोंदीत सगळं आहे.

आमच्या घरात मात्र ते रान पाटीलकीच्या वतनाचं म्हणूनच सांगतात. माझा थोरला चुलतभाऊ निम्मा खर्च देणार होता. प्रूफ त्याच्याकडं गेलं. (पहिल्या प्रुफात प्रेसच्या फॉन्टानं सगळे रफार खाल्ले होते, ‘कर्ता पुरुष’चा ‘कता पुरुष’ झाला होता. फॉन्ट बदलला की छापायच्या आधी रफार आणि जोडाक्षरं एकेक तपासा.) दादाला रफार दिसले नाहीत, पान ४३ दिसलं. रात्री साडेदहाला फोन. “आपुन पाटील. आपुन कव्हा कुणाचं कूळ व्हतो रे? मेलेल्या माणसाचं कशाला उकरून काढालास?”

मी म्हटलं, दादा, वतन बापाकडून येतं, विहीर खांदावी लागते. तो म्हणाला, पान काढ नाहीतर पैसे मिळणार नाहीत. पान ठेवलं. पैसे मिळाले नाहीत.

म्हणून सांगतो, छपाईला भावकीचा पैसा घेऊ नका. शंभर प्रती परवडत नसतील तर चाळीस काढा. ज्याचा पैसा त्याचं प्रूफ, हे प्रेसवालासुद्धा धरून चालतो.

रझाकारांच्या काळाचं तसंच. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्याआधी प्रत्येकाचे आजोबा निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात होते म्हणतात. कागद असेल किंवा सोबतचा कुणी सांगत असेल तरच लिहा. आमचे आबा नव्हते. विहिरीवर होते. तेही छापलंय.

एक राहिलं. वाटणीचा दावा कोर्टात चालू असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय जमिनीचं काही छापू नका. आमच्याकडं दावा नव्हता म्हणून मी छापू शकलो. आणि दादाची बाजूही सांगायला हवी. त्याच्या नातीची सोयरीक तेव्हा चालू होती, घाबरला असेल.

त्याच्या वाट्याच्या पंचवीस प्रती माळ्यावर आहेत, सुतळीसकट. बाकीच्या संपल्या तरी त्यातली एकही मी कुणाला दिलेली नाही. दादा, तू हे वाचत असशील तर पान ४३ च्या खाली तळटीप आहे. विहिरीला दगड कुणी वाहिला ते तिथं लिहिलंय. त्यात तुझ्या वडिलांचं नाव आहे.