कॉम्प्युटरवरच्या वॉरगेममध्ये, म्हणजे लढाईच्या डावपेचांच्या गेममध्ये, पूल उडवायचा आदेश दिला तरी पूल शाबूत राहतो. हा बग आहे का?

बग नाही. पडद्याआड फासा पडतो आणि तुमचा वाईट पडला, एवढंच. मीही सुरुवातीला यावरून बराच वैतागलो होतो.

हेक्सवाल्या, म्हणजे षटकोनी घरांच्या नकाशावरच्या, बहुतेक गेममध्ये युनिट (सैन्याची तुकडी) पुलाशेजारी असेल तर उडवायचा आदेश देता येतो आणि यश टक्केवारीवर ठरतं. सॅपर (सुरुंग आणि पुलांचं काम करणारे लष्करी इंजिनिअर) असतील तर टक्के चढतात. साधं पायदळ असेल तर उतरतात, कुठे कुठे त्याला परवानगीच नसते. काही गेममध्ये तर आदेशच नसतो. शत्रू पुलाला भिडला की कॉम्प्युटर परस्पर फासा टाकतो. तुमच्या मॅन्युअलमध्ये एकच गोष्ट आधी बघा: पुढच्या टर्नला (खेळीला) पुन्हा प्रयत्न करता येतो का? येत असेल तर ५० टक्क्यांचे दोन प्रयत्न मिळून ७५ टक्के होतात. म्हणजे शत्रू दारात यायची वाट बघू नका, एक टर्न आधी सुरू करा.

आता हा फासा ठेवलाय कशाला? ७ मार्च १९४५, जर्मनीतलं ऱ्हाईन नदीवरचं रेमागेन. जर्मनांनी कळ फिरवली, काहीच झालं नाही. मग एक सार्जंट गोळीबारात धावत गेला आणि त्याने हाताने वात पेटवली. स्फोट झाला, पूल उचलला गेला आणि परत जागेवर बसला! मागितली होती ६०० किलो स्फोटकं, मिळाली ३०० किलो, तीही कमी ताकदीची, खाणकामातली. अमेरिकन त्याच पुलावरून पलीकडे गेले. पूल पडला तो १७ मार्चला.

मग सुरुंग आधीच का लावून ठेवत नाहीत? ऑक्टोबर १९४४ मध्ये कोलोनच्या म्युलहाइम पुलावर लावलेले सुरुंग अमेरिकन बॉम्बहल्ल्यात उडाले आणि पूलही गेला. त्यानंतर जर्मनांनी सुरुंग अगदी शेवटी लावायचा नियम केला. गेममध्ये ‘सुरुंग लावलेला पूल’ अशी वेगळी पायरी दिसते ती असल्या भानगडींमुळे. कधी वरूनच परवानगी नसते. नेदरलँड्समधला नायमेखेनचा पूल प्रतिहल्ल्यासाठी लागेल म्हणून जर्मन फील्ड मार्शल मोडेलने तो उडवायला मनाई केली होती.

घाई केली तरी गोत्यात. १८१३ मध्ये लाइपझिगला एका फ्रेंच कॉर्पोरलने एल्स्टर नदीवरचा पूल वेळेआधी उडवला आणि माघार घेणाऱ्या नेपोलियनचे हजारो सैनिक शत्रूच्या बाजूलाच अडकले. सेव्ह-रिलोड करून हवा तेव्हा पूल उडवणाऱ्यांना ही धाकधूक कधी कळतच नाही, पण तो त्यांचा प्रश्न.

आणि पूल उडाला म्हणून तिथून सगळं हलवू नका. नेदरलँड्समधल्या सोन गावचा पूल १७ सप्टेंबर १९४४ ला जर्मनांनी अमेरिकन पॅराट्रूपर्सच्या डोळ्यांदेखत उडवला. १९ तारखेच्या पहाटे तिथे बेली पूल (सुटे भाग जोडून झटपट उभा करायचा लष्करी पूल) तयार होता. एका टर्नला एक दिवस धरला तर जेमतेम दोन टर्न. ते काम लांबवायचं तर तोफा त्या हेक्सवर रोखलेल्या हव्यात. मी एकदा पूल अगदी वेळेत उडवला होता. फक्त माझ्या तोफा पलीकडेच राहिल्या होत्या.