एच-वन-बीवर येताय? तयार विमान की किट

तुझा प्रश्न असा: पुढच्या वर्षी कुपवाड एमआयडीसीतलं काम सोडून तू एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत ओरेगनला येतोयस, बायको आणि मुलगी मागून येतील. साठ हजार डॉलर साठले की जुनं सेसना १७२ हे चार आसनी छोटं विमान घ्यावं, की व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही विमानाचं किट, म्हणजे सुटे भाग, आणून स्वतः जोडावं? आणि सोडतीत बक्षीस म्हणून विमान लागलंच तर?

आधी कागद बघ. अमेरिकेत विमान स्वतःच्या नावावर नोंदवायला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-वन-बीवर मोटार घेता येते, घर घेता येतं, पण विमान नावावर होत नाही. ट्रस्टमार्फत नोंदवायची सोय आहे, पण तिची फी दरवर्षी भरावी लागते. एका छोट्या विमानासाठी मला ती पटत नाही. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे, हे तुला ठाऊक आहेच. बक्षिसाचंही तसंच. नोंदणीची अट सुटत नाही, शिवाय विमानाची बाजारभावाने होणारी किंमत तुझं उत्पन्न धरून त्यावर कर लागतो. तो भरायला विमानच विकावं लागेल.

जोडायला मात्र कुणाची आडकाठी नाही. नोंदणी होईपर्यंत किट म्हणजे गॅरेजमधले ॲल्युमिनियमचे भाग. आरव्ही-७सारखं दोन आसनी विमान जोडायला दीड-दोन हजार तास लागतात, नोकरी सांभाळून करायचं तर कित्येक वर्षं. ती वर्षं तुला रांगेत काढायचीच आहेत. पत्रा कापणं, भोकं पाडणं, रिव्हेट मारणं हे तुझ्या हातात आधीच आहे. मी पलूसचा, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात राबलेल्या घरातला, म्हणून हे मनापासून सांगतो: ज्याला बनवण्यातच आनंद आहे, त्याच्यासाठी किटसारखं काही नाही. ज्याला फक्त उडायचंय, त्याने किटच्या नादी लागू नये. अर्धवट किट विकायला काढलं की घातलेले कष्ट कुणी मोजत नाही.

आपल्याकडे कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. त्याची नोंदणी २०१७मध्ये झाली, आणि त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. इथे अमेरिकेत वाट आखून दिलेली आहे. निम्म्याहून जास्त काम शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी हौशी माणसांनीच केलेलं असावं लागतं. म्हणून पहिल्या दिवसापासून फोटो काढ, वही ठेव. विमान झालं की रिपेअरमन सर्टिफिकेट मिळतं आणि दरवर्षीची तपासणी तू स्वतः करू शकतोस. तेही ग्रीन कार्ड आल्यावरच. १७२ची वार्षिक तपासणी मात्र खास अधिकार असलेल्या मेकॅनिककडूनच करावी लागते. दुसऱ्याने जोडलेलं आरव्ही विकत घेतलंस, तर हे सर्टिफिकेट तुला मिळणार नाही.

सेसनाच्या बाजूने बोलायचं तर, ते १९५६पासून विकलं जातंय आणि ४४ हजारांहून जास्त बनली आहेत. सुटे भाग, मेकॅनिक, शिकवणारे सगळीकडे सापडतात. पण साठ हजारांत येईल ते सत्तरच्या दशकातलं असेल. इंजिन दोन हजार तासांच्या जवळ आलेलं असेल, तर ओव्हरहॉलला, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करायला, तीस हजारांच्या वर खर्च धर. आणि ती चार आसनं! तुम्ही तिघं आहात, आरव्ही-७मध्ये दोघंच बसतात. चार आसनी आरव्ही-१० इंजिनासकट तुझ्या पैशांत बसणारच नाही.

म्हणून मी असं करीन: आल्यावर फ्लाइंग क्लबचा सभासद होईन आणि बायको-मुलीला क्लबच्या १७२मधून फिरवीन. परदेशी नागरिकाला विमान चालवण्याचं प्रशिक्षण सुरू करण्याआधी टीएसए या वाहतूक सुरक्षा खात्याची मंजुरी लागते, बोटांचे ठसे द्यावे लागतात. तो अर्ज लवकर कर. किटमधला फक्त शेपटीचा भाग घे. तो जोडून झाल्यावर हात अजून शिवशिवत असले, तरच पंखांचे पैसे भर. सगळ्या किटचे पैसे एकदम देऊ नकोस. डिसेंबर २०२३मध्ये व्हॅन्सने दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं. कंपनी पुढच्या वर्षी सावरली, पण आगाऊ पैसे भरलेल्यांना वाढीव दराने नवे करार करावे लागले.

नोकरी सुटली तर व्हिसावर साधारण साठ दिवस मिळतात. तेवढ्यात शेपूट गुंडाळून दुसऱ्या राज्यात नेता येते, पंख जोडलेलं धड नेणं फार अवघड. घर भाड्याने घेताना दोन मोटारींचं गॅरेज बघ, आणि करारावर सही करण्याआधी मालकाला कंप्रेसर व रिव्हेट गनच्या आवाजाबद्दल स्पष्ट विचार.